टोकं नसलेलं अक्षर

माझा थोरला भाऊ कमलाकांत भित्रा होता. हे मी त्याच्या पाठीमागे सांगत नाही, त्याच्या तोंडावर आयुष्यभर सांगत आले. फणसवाडीतल्या आमच्या घरात पाल दिसली की तो खुर्चीवर चढायचा आणि माझी वहिनी सुमती झाडू घेऊन धावायची. तारवाला दाराशी आला की तार उघडण्याआधीच याला घाम फुटायचा. सिनेमात बंदूक उडाली की हा डोळे मिटून घ्यायचा आणि मला विचारायचा, ‘संपलं का गं?’ मी शाळेत शिकवायचे, जीभ तिखट. मी म्हणायचे, ‘दादा, तुला घडवताना देवाने पाठीचा कणा घालायचा राहिला बघ.’ तो नुसता हसायचा. चिडायलाही थोडी हिंमत लागते, तीही त्याच्याकडे नव्हती.

आमचं घराणं जुनं मुंबईकर, पाठारे प्रभू. आजोबांच्या वेळी कचेरीतल्या मोठ्या नोकऱ्या, वाडीत घरं, दिवाणखान्यात झुंबर. दादाच्या वाट्याला त्यातलं फक्त सुरेख अक्षर आलं. ठाकुरद्वाराच्या मागे माधवशेठची टाइप फाउंड्री होती, तिथे तो अक्षरं काढायचा. छापखान्यात शिशाचे जे खिळे जुळवून मजकूर छापतात, ते खिळे तिथे तयार व्हायचे. दादा आधी कागदावर मोठं अक्षर काढी, मग तेच मऊ धातूत उलटं कोरी. त्यावरून तांब्याचा साचा बनला की तो कोरलेला धातू परत वितळवायचे, आणि त्या साच्यात वितळलेलं शिसं ओतून खिळे पाडायचे. हे पाडायचं काम बुधाजीचं. बुधाजी चिंचपोकळीच्या चाळीत राहायचा. बायको कमळाबाई, दोन लहान मुलं, म्हातारी आई, आणि एक खोली. शिशाच्या भट्टीशी बसून त्याचे हात डागांनी भरले होते. दादाला तो मास्तर म्हणायचा आणि मास्तरच्या अक्षराबद्दल कुणी वाकडं बोललेलं त्याला खपायचं नाही.

चार वर्षं दादाला एका अक्षराने पछाडलं होतं. इंग्रजी छपाईत एक काळंकुट्ट, टोकदार अक्षर असतं, छापखान्यातले लोक त्याला ओल्ड इंग्लिश म्हणतात. शाळेच्या सर्टिफिकिटांवर, वर्तमानपत्राच्या माथ्यावर, चर्चच्या पाट्यांवर ते दिसतं. दुसरीकडे असतं ब्लॉकचं अक्षर, सरळ, सारख्या जाडीचं, ना शेपटी ना झालर. दादाला या दोघांचं लग्न लावायचं होतं, आणि तेही मराठीत. ओल्ड इंग्लिशचा काळेपणा आणि मोडलेली वळणं घ्यायची, सगळी नक्षी फेकून द्यायची आणि ब्लॉकसारखं साधं ठेवायचं. तो मला समजावायचा, ‘बेबी, त्यांची ती चपटी लेखणी आणि आपला तिरका कापलेला बोरू, दोघांची चाल एकच गं. बोरू वळणावर अडतो. आपण तिथे हात फिरवून गोल करून घेतो. ते लोक तिथे रेघ मोडतात. मीही मोडणार.’

आणि मोडलीही त्याने. त्याच्या ‘ह’ला जिथे जिथे वळण यायचं, तिथे कागदाला घडी घालावी तशी रेघ मोडायची आणि त्या जागी एक तिरकं टोक बाहेर यायचं. लांबून बघावं तर ठळक, साधा ह. जवळ जावं तर अंगावर यायचा. एवढ्या घाबरट माणसाच्या हातून हे कुठून येतं, मला कळायचं नाही. तो मात्र तासन्‌तास त्याच्याकडे बघत बसायचा, आणि बघायचा तेही उलटं धरून. सुलटं धरलं की आपण शब्द वाचत सुटतो, उलटं धरलं की अक्षर दिसतं, असं त्याचं म्हणणं. सवय इतकी अंगात मुरली होती की लग्नपत्रिका हातात आली तरी हा आधी ती उलटी करायचा. वहिनीच्या माहेरची माणसं त्याला अर्धवट समजायची, आणि त्यांचा काही दोष नव्हता.

पंचावन्न सालच्या अखेरीस त्या अक्षराचे पहिले खिळे पाडून झाले. अजून बाजारात गेले नव्हते, नमुन्याचा कागदसुद्धा छापला नव्हता. तेवढ्यात छप्पन्नचा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या ताब्यात राहणार, असं रेडिओवर सांगितलं आणि गिरगाव पेटलं. रस्त्यावर दगडांचा सडा, अश्रुधुराने डोळे चुरचुरायचे, आणि गोळ्यांचे आवाज थेट आमच्या माजघरात यायचे. आम्ही खिडक्यांना गाद्या लावून जमिनीवर बसून जेवायचो. समोरच्या चाळीतला एक तरणा माणूस दूध आणायला म्हणून उतरला, तो चादरीत गुंडाळून परत आला. त्या दिवशी पहिल्यांदा मी दादाची थट्टा केली नाही, कारण मीही थरथरत होते.

एका सकाळी संचारबंदी थोडी सैल झाली, म्हणून मी भाजी मिळते का बघायला गेले. कोपऱ्यावरच्या भिंतीवर ओलं पत्रक चिकटवलं होतं, आणि त्यावरून दादाचा ह माझ्याकडे बघत होता. ‘हरताळ. मुंबई आमची.’ रस्त्यापलीकडून वाचता येईल एवढं काळं. खाली छापखान्याचं नाव नाही. कायद्याने ते घालावंच लागतं, आणि न घालता असली पत्रकं छापणाऱ्यांची त्या दिवसांत काय गत होत होती ते सगळ्या वाडीला माहीत होतं. मी रिकामी पिशवी घेऊन घरी पळाले.

दादाला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. हातातला घास त्याने ताटात परत ठेवला. ‘आपलं नसेल,’ म्हणाला. ‘तुझा ह मला कळत नाही का?’ मी म्हटलं. मग तो भिंतीला टेकला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

दुपारी बुधाजीच आला. आमच्या उंबऱ्याच्या आत तो पहिल्यांदाच येत होता. तो उभाच राहिला आणि मान खाली घालून म्हणाला, ‘मास्तर, खिळे मी नेले. चिंचपोकळीला आमच्या वळखीचा छापखाना हाय. त्यांचे खिळे पार झिजलेले, अक्षर उठतंच न्हाय. मला वाटलं, आपल्या मास्तरचं अक्षर रस्त्यापल्याडनं वाचता येतंय.’

‘अरे, पण ते अजून बाजारात नाही!’ दादा ओरडला. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

‘म्हणून तर नेले. कुणी बगितलंच न्हाय, मग वळखणार कोन?’

दादाने कपाळावर हात मारला. ‘बुधाजी, दहा ठिकाणी असलेलं अक्षर कुणाचंही असतं रे. एकाच घरात असलेलं अक्षर पोलिसांना सरळ त्याच घरात घेऊन येतं.’ बुधाजीच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरत गेलं. सगळे खिळे आणले आहेत का, एवढंच दादाने विचारलं. बुधाजीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, ती जमिनीवर टेकली तशी जड वाजली. वहिनीने ती उचलून तांदळाच्या डब्याच्या मागे सरकवली आणि दिवसभर त्या बाजूला फिरकली नाही.

शनिवारी संध्याकाळी फौजदार घरी आला. मला वाटलं होतं दार फोडतील, शिव्या देतील. तसलं काहीच झालं नाही. एकटा, मध्यम वयाचा, घाटावरच्या बोलीचा, बरेच दिवस न झोपलेला माणूस. ‘बसू का?’ विचारून बसला, पाणी मागितलं, आणि टोपी गुडघ्यावर ठेवली. तांदळाचा डबा त्याच्यापासून चार हातांवर होता. वहिनीने पाणी दिलं. आरडाओरडा करणारा पोलीस परवडला असं मला तेव्हा वाटलं.

‘कमलाकांत आपणच ना? अक्षरं काढता?’ असं म्हणून त्याने खिशातून पत्रक काढलं, घडी उलगडली आणि दादाच्या हातात दिलं.

आणि दादाने ते उलटं केलं. एवढ्या भीतीतही. पत्रक हातात आल्याबरोबर त्याच्या बोटांनी ते सवयीने फिरवलं, तोंडापासून लांब धरलं आणि एक डोळा बारीक केला. मला ओरडावंसं वाटत होतं, अरे मूर्खा, सुलटं धर.

फौजदार म्हणाला, ‘अहो, दोन दिवसांत पन्नास माणसांच्या हातात हा कागद दिला मी. सगळ्यांनी वाचला. उलटा तुम्हीच धरलात. ठाकुरद्वारच्या एका छापखानेवाल्याने मला सांगितलंच होतं, असलं अक्षर काढणारा कमलाकांतच असणार म्हणून.’

फौजदार पुढे झुकला. ‘हे बघा, तुम्ही चांगल्या घरातले आहात. हे तुम्ही छापलं नसणार. कारखान्यातल्या कुणीतरी नेलं असणार. नाव सांगा, मी उठलो. तुमच्या वाटेला कुणी जाणार नाही.’

लोक नंतर म्हणाले, कमलाकांतने केवढं धैर्य दाखवलं. मी तिथे होते. धैर्यबिर्य काही नव्हतं. माझा भाऊ स्वतःसाठी घाबरला होता, बुधाजीसाठी घाबरला होता, आणि एका माणसाचं नाव आपण तोंडाने उच्चारायचं आणि मग त्या माणसाला कोठडीत काय करतील ते जन्मभर मनात बघत राहायचं, याला सगळ्यात जास्त घाबरला होता. भित्र्या माणसाला दुसऱ्याला धरून देणंही जमत नाही. त्याने पत्रक खाली ठेवलं आणि म्हणाला, ‘माझ्यासारखं आहे, पण माझं नाही. माझ्या अक्षराला ही टोकं नाहीत.’

‘नाहीत?’

‘नाहीत. माझं गोल वळतं.’

फौजदाराने टोपी घातली. ‘मग सोपं झालं. सोमवारी सकाळी कारखान्यात येतो. याच शब्दांचा छाप तुमच्या खिळ्यांनी काढून दाखवा. जुळलं नाही तर मी मोकळा, तुम्हीही मोकळे.’ दारात वळून तो म्हणाला, ‘जुळलं, तर मात्र माझा नाइलाज.’ वाडीच्या तोंडाशी त्याने एक शिपाई उभा करून ठेवला.

तो गेल्यावर वहिनी रडायला लागली. दादा जागचा हलला नाही. मी म्हटलं, ‘आता गोल अक्षर कुठून आणणार?’ तो म्हणाला, ‘आहे त्यातूनच.’

रविवारी कारखाना बंद होता. दादाला एकट्याने रस्ता ओलांडायची छाती नव्हती, म्हणून मी बरोबर निघाले. खिळे माझ्या पिशवीत, वर मेथीची जुडी. शिपायाने माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, पिशवीचं वजन माझ्या चालण्यात दिसतंय. तो म्हणाला, ‘लवकर परता बाई, दुपारनंतर बंदी आहे.’ मी मान हलवली.

बुधाजी मागच्या दाराने आधीच आला होता. तांब्याचे साचे त्याने एका फडक्यावर काढून ठेवले होते. दादाने एकेक साचा भिंगाखाली धरून पाहिला आणि परत ठेवला. मग म्हणाला, ‘हे इथे राहायला नकोत.’ बुधाजीने ते आपल्या जेवणाच्या डब्यात भरले, वर भाकरी ठेवली. त्याचा मेहुणा रे रोडला लाकडाच्या वखारीत होता, वखारीच्या मागे खाडीचं पाणी. तिथे ते टाकायचे असं ठरलं. कागदावर काढलेली मूळ अक्षरं होती ती वहिनीने आदल्या दिवशीच चुलीत घातली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि दादाही तिला एक शब्द बोलला नाही.

जायच्या आधी बुधाजी दादाच्या समोर उभा राहिला. ‘मास्तर, मी चौकीत जातो. सांगतो, मीच केलं. तुमचं अक्षर तरी वाचंल.’

‘गप्प बस,’ दादा म्हणाला. ‘तुझ्या पोरांना काय अक्षर खायला घालू?’

‘पन चार वर्सं...’

‘जा म्हटलं ना!’

बुधाजी गेला. मग दादाने कानस आणि बारीक पातं घेतलं, पहिला खिळा चिमट्यात धरला आणि टोक उडवलं. शिसं मऊ असतं, आवाजसुद्धा होत नाही. धातूत काही वाढवता येत नाही, फक्त काढता येतं. एकेक टोक काढायचं, ती जागा कानशीने घासून गोल करायची, पुढचा खिळा. मी भिंग धरून बसले होते. टेबलावर काळसर चुरा साठत होता आणि दादा मधूनमधून तो फुंकरीने बाजूला करत होता. बाहेर कुठे बूट वाजले की त्याचा हात थांबायचा, मी श्वास धरायचे, बूट पुढे जायचे, हात परत चालायला लागायचा. ‘ह’ त्याने सगळ्यात शेवटी घेतला. त्याला सगळ्यात जास्त टोकं होती. मला वाटलं, हा आता रडेल. तो रडला नाही, पण ह हातात असताना त्याने मला भिंग खाली ठेवायला सांगितलं.

एवढ्यानं झालं नाही. खिळे साफ झाल्यावर तो कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन बसला. मी विचारलं, आता काय? ‘त्याने मला समोर बसवून काढायला लावलं तर?’ तो म्हणाला. ‘माझा हात टोक काढेल, बेबी. मी नको म्हटलं तरी काढेल. कालच बघितलंस ना, हात माझं ऐकत नाही.’ आणि तो गोल ह काढायला लागला. पहिल्या कागदावर प्रत्येक ह मोडलेला निघाला. तो स्वतःच्या मनगटाला डाव्या हाताने धरायचा, वळणावर आला की जोर काढून घ्यायचा. कागदांमागून कागद. चुकलेला प्रत्येक कागद मी भट्टीत टाकत होते. बंदीची वेळ जवळ आली तेव्हा ह गोल निघू लागला होता. घरी आल्यावरही जमिनीवर, मांडीवर, ताटाच्या कडेला त्याचं बोट तो एकच गोल फिरवत होतं.

सोमवारी मी शाळा नसल्याचं निमित्त करून कारखान्यात जाऊन बसले. बुधाजी अजून आला नव्हता. डब्यासकट कुठे अडवलं तर नाही ना, हे दादाने मला तोंडाने विचारलं नाही, पण तो दर थोड्या वेळाने दरवाजाकडे बघत होता. फौजदार आणि बुधाजी जवळजवळ एकदमच आत आले. बुधाजी मुकाट्याने भट्टीशी जाऊन बसला आणि त्याने डबा उघडून जमिनीवर पालथा ठेवला. रिकामा होता.

मालक माधवशेठ पायऱ्या चढून आले. आम्ही त्यांना काही सांगितलं नव्हतं. दादा म्हणाला होता, त्यांना कळलं तर ते भीतीने सगळं ओकतील. त्यांनी मूळ अक्षर पाहिलं होतं, दहादा पाहिलं होतं, हे फौजदाराला माहीत नव्हतं आणि आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

दादाने खिळे जुळवले, शाई लावली, छाप काढला. ‘हरताळ. मुंबई आमची.’ काळं, ठळक, गुळगुळीत. फौजदाराने छाप आणि पत्रक शेजारी शेजारी धरलं. मग छाप माधवशेठच्या पुढे केला. ‘शेठ, हेच ना तुमचं नवं अक्षर?’

माधवशेठने चष्मा वर केला. कागद बघितला. दादाकडे बघितलं. पत्रकाकडे बघितलं. त्यांचं तोंड किंचित उघडलं. बुधाजी भट्टीतलं शिसं ढवळायचा थांबला. ‘हेच,’ माधवशेठ म्हणाले. ‘दुसरं कुठलं असणार?’ आणि खिशातून रुमाल काढून मानेवरचा घाम पुसला.

फौजदार लगेच उठला नाही. त्याने खिशातली पेन्सिल काढली, पत्रक पालथं करून कोरी बाजू वर केली आणि दादासमोर ठेवली. ‘ह काढा.’

दादाने पेन्सिल घेतली. मला त्याच्या कानामागची शीर उडताना दिसत होती. रेघ खाली आली, वळणाशी आली, आणि गोल वळली. पुढच्या वळणाशी आली, तिथेही गोल वळली. कुठे अडखळली नाही. फौजदार म्हणाला, ‘आणखी एक.’ तोही गोल. ‘आणखी.’ तोही. मग त्याने पेन्सिल परत घेतली, दादाच्या चेहऱ्याकडे नको इतका वेळ बघितलं आणि म्हणाला, ‘बरं आहे. काळजी घ्या.’ त्याला सगळं कळलं होतं की काहीच कळलं नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. तो परत आला नाही. पण परत येईल या धास्तीने आम्ही तो सगळा उन्हाळा काढला.

माधवशेठने दादाला बाजूला घेतलं. झापतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, ‘टोकं गेली ते बरंच झालं, कमलाकांत. हे विकलं जाईल.’ मूळ साचे खाडीत गेले होते, म्हणून त्यांनी त्या घासलेल्या खिळ्यांवरूनच तांब्याचे नवे साचे बनवून घेतले आणि अक्षराला नाव दिलं ‘कमल ठळक’. ते विकलं गेलंच. तेलाच्या बाटल्यांवर, नाटकाच्या जाहिरातींवर, दुकानांच्या पावत्यांवर, जिकडे तिकडे कमल ठळक. लोक दादाचं अभिनंदन करायचे, आणि तो पावती उलटी न करता तशीच खिशात घालायचा.

त्याच वर्षी ऑक्टोबरात बुधाजी नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला. आल्यावर भट्टीशी तो अधिक ताठ बसायला लागला असं दादा म्हणायचा. मोर्च्यांना तो जात राहिला, एकदा डोकं फोडून घेतलं, एकदा तुरुंगातही राहून आला. आम्ही मात्र गाद्या लावलेल्या खिडकीमागेच राहिलो.

साठ सालच्या एक मेला महाराष्ट्र झाला. गिरगावात कमानी, तोरणं, दिव्यांच्या माळा, आणि कमानींवर, पत्रकांवर, पेढ्यांच्या खोक्यांवर दादाचं गोल अक्षर. दुसऱ्या दिवशी बुधाजी कमळाबाईला आणि मुलांना घेऊन आमच्याकडे आला. आता तो सरळ आत येऊन खुर्चीवर बसला. पेढा दादाच्या हातावर ठेवून म्हणाला, ‘मास्तर, आता राज्य आपलं. आता काढा की ती टोकं परत. आता कोन धरतंय?’

दादा हसला. पण ती मंडळी गेल्यावर त्याने टेबलावरचं सामान बाजूला केलं, बोरू तिरका कापून घेतला, शाई कालवली आणि कागद पुढे ओढला. मी दारात उभी राहून बघत होते, कारण मलाही ते बघायचं होतं. चार वर्षं मी त्या टोकांना बोचरं म्हणत होते आणि त्यानंतरची चार वर्षं भिंतीभिंतीवर तीच शोधत होते.

बोरू खाली आला, वळणाशी आला आणि गोल वळला. दादाने दुसरा ह काढला. गोल. त्याने मनगट सैल सोडलं, मग घट्ट केलं, उभं राहून काढून बघितलं, डोळे मिटून काढून बघितलं. वळण आलं की हात आपोआप जोर काढून घ्यायचा. रेघ मोडायची कशी ते त्याला तोंडाने सांगता येत होतं, मलाही त्याने सांगितलं, इथे थांबायचं, इथे वळवायचं, इथे खेचायचं. हाताला ते येत नव्हतं. कागदभर गोल ह झाले, सारखे, सुरेख, एकाही ठिकाणी टोक नाही.

मी म्हटलं, ‘दादा, सावकाश. आता कुणी येणार नाहीये.’

त्याने बोरू खाली ठेवला. कपाळावर घाम होता. खाली वाडीत ढोल वाजत होते, मुलं गुलाल उधळत होती, आणि माझा भाऊ माझ्याकडे न बघता, अगदी हलक्या आवाजात म्हणाला, ‘तरी एकदा बघून ये ना, जिन्यात कुणी उभं तर नाही?’

एरवी मी त्याला चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी मी जिन्यापर्यंत गेले, वाकून खाली बघितलं, वर बघितलं, आणि येऊन सांगितलं की कुणी नाही. त्याने मान डोलावली, बोरू शाईत बुडवला आणि पुढचा ह काढला. तोही गोलच निघाला.